प्रमाण लायब्ररीतील फंक्शनांची विसंगती

प्रोग्रामिंग भाषेचे नवे प्रमाण आले की तिच्या प्रमाण लायब्ररीतली (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातली) काही फंक्शने जातात, काही नवी येतात, तर काहींचे नाव तेच राहून वागणूक बदलते. जुना कोड मग कम्पाइल होत नाही, किंवा कम्पाइल होऊन चुकीचा चालतो. यावरच्या उपायांचा विचार इथे सी आणि सी प्लस प्लस या भाषांच्या आधारे केला आहे.

काढून टाकलेले फंक्शन त्यातल्या त्यात सोपे, कारण कम्पायलर तिथेच अडतो. सी भाषेतल्या, इनपुटची ओळ वाचणाऱ्या ‘गेट्स’ला बफरची (वाचलेला मजकूर ठेवण्याच्या जागेची) लांबी सांगण्याची सोयच नव्हती, बफर भरला तरी ते पुढच्या मेमरीत लिहीत राही. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने हीच फट वापरली. तरी हे घातक फंक्शन प्रमाणातून गेले ते थेट २०११ च्या सी११ या प्रमाणामध्ये. त्याच्या जागी ‘एफगेट्स’ घालताना हमखास विसरले जाते की ‘गेट्स’ ओळीअखेरचे नवओळ-चिन्ह टाकून देई, ‘एफगेट्स’ ते ठेवते. सी प्लस प्लस १७ ने यादीचा क्रम यादृच्छिकपणे पिसणारे ‘रँडम शफल’ वगळले. त्याऐवजी ‘शफल’ वापरताना यादृच्छिक अंकांचा जनक आपणच पुरवावा लागतो.

खरा धोका गुपचूप होणाऱ्या बिघाडात आहे. मजकुराची प्रत काढणारे ‘स्ट्रडप’ हे पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या प्रमाणातले फंक्शन सी२३ पर्यंत सीच्या प्रमाणात नव्हते. कम्पायलरला काटेकोर सी९९ पाळायला सांगितले की हेडरमधली (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलमधली) त्याची घोषणा दिसेनाशी होते. जुने कम्पायलर अशा वेळी फक्त इशारा देत आणि फंक्शन ‘इंट’ (बहुधा ३२ बिटी पूर्णांक) परत करते असे धरून चालत. ६४ बिटी यंत्रावर परत आलेल्या पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्याचे) वरचे ३२ बिट त्यात गळून पडतात आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. इशारे वाचलेच पाहिजेत, ते यासाठी. जीसीसी या कम्पायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून ही चूक त्रुटीच मानली जाते.

प्रमाणाचा आकडा मॅक्रोतून (कम्पायलरने आधीच ठरवून दिलेल्या नावातून) तपासता येतो: सी९९ साठी १९९९०१, सी११ साठी २०१११२. पण तेवढ्यावर विसंबू नये. कम्पायलर आणि लायब्ररी पुष्कळदा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. सी११ मधले थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) लिनक्सवरच्या ग्लिबसी या लायब्ररीमध्ये २०१८ साली आले. म्हणून आकड्यापेक्षा फंक्शनच तपासावे. ऑटोकॉन्फ हे साधन त्यासाठी छोटा चाचणी-प्रोग्राम कम्पाइल आणि लिंक करून पाहते; सी प्लस प्लस २० मध्ये लायब्ररीच्या सोयींचे मॅक्रो ‘व्हर्जन’ या हेडरमध्ये एकत्र मिळतात.

फरक सापडला की तो एकाच फाइलमध्ये, स्वतःच्या नावाच्या आवरण-फंक्शनात (मूळ फंक्शन आतून वापरणाऱ्या फंक्शनात) बंद करावा. मूळ नाव मात्र पुन्हा घेऊ नये: ‘स्ट्र’ आणि त्यापुढे लहान लिपीतले अक्षर अशी नावे सीच्या प्रमाणाने भावी फंक्शनांसाठी राखून ठेवली आहेत.