सेटिंगच्या ट्रेनिंगला नेमका कोणता माणूस द्यायचा?

प्रेसवरची डाय (पार्टला आकार देणारा साचा) बदलून प्रेस पुन्हा चालू करणं म्हणजे सेटिंग. ते कमी वेळात कसं करायचं, हे आम्ही शिकवतो. बॅच ठरली की कारखान्यातून हमखास फोन येतो, "दोन माणसं देतो, पण प्रेसवरचा माणूस सोडता येणार नाही." मग येतो गेल्या महिन्यात लागलेला मुलगा, नाहीतर त्या दिवशी हाताला काम नसलेला कुणीतरी. तो मन लावून शिकतो, वहीभर लिहून घेतो. ट्रेनिंगनंतर त्याला डायला हातही लावू देत नाहीत. दोन महिन्यांनी निरोप येतो, "ट्रेनिंगचा उपयोग झाला नाही." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुमचाही वेळ जातो, आमचाही.

म्हणून कळकळीची विनंती: रोज जो डाय बदलतो, त्या सेटरलाच द्या. सोबत त्याच्या शिफ्टचा सुपरवायझर हवा.

प्रॉडक्शन थांबेल ही धास्ती नको. तुमची डाय तशीही ज्या वेळी बदलायची असते, त्याच वेळी आम्ही तुमच्या प्रेसवर येतो. आठवड्यातून एकदा, सलग ८ आठवडे. "एका दिवसात उरका" असं बरेच जण सुचवतात. एका दिवसात ऐकून होतं, हाताला वळण लागत नाही. पहिल्या खेपेला आम्ही काहीच शिकवत नाही, मोबाइलवर शूटिंग करतो आणि सेटरलाच दाखवतो. भोसरीतल्या एका शेडमध्ये प्रेस बंद असताना सेटर पान्यासाठी तीनदा टूलरूमला गेला होता, कारण डाय आवळणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट तीन मापांचे. शूटिंग बघताना तोच म्हणाला, "साहेब, सगळे एका मापाचे करून टाकू." रिकामा माणूस दिला असता तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

टोयोटात १९६९ साली १००० टनी प्रेसची डाय बदलायला ४ तास लागत. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी तिथल्या लोकांना बरोबर घेऊन तो वेळ आधी दीड तासावर, पुढे ३ मिनिटांवर आणला. प्रेस चालू असताना उरकता येणारी कामं आधीच उरकायची, हे त्यातलं मुख्य सूत्र. आम्हीही तेच शिकवतो.

१ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जवळजवळ गेलाच. त्याचे पार्ट करणाऱ्या कारखान्यांना नवे जॉब, म्हणजे दुसऱ्या पार्टची कामं, शोधावी लागली. नवा जॉब म्हणजे नवी सेटिंग, आणि सुरुवातीला लॉट (एका वेळी काढायचा माल) लहानच. सेटिंगलाच अर्धी शिफ्ट जात असेल तर तो लॉट परवडत नाही.

आठ आठवड्यांनंतर सहा महिने दरमहा एक फेरी मारतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बॅचसाठी कळवताना सेटरचं नाव, प्रेसचा नंबर आणि पुढची डाय कधी बदलणार तो दिवस, एवढं लिहा.