बीपीएलची यादी: माप पोटाचं, कात्री शेजारपाजाराची

विदर्भातल्या खेड्यात ‘दारिद्र्यरेषा’ म्हटलं की आठवते ग्रामपंचायतीतली बीपीएलची, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घरांची यादी. पण रेषा वेगळी आणि यादी वेगळी. रेषा निरपेक्ष दारिद्र्याची. यादी तयार होताना मात्र तिच्यात सापेक्ष दारिद्र्य शिरलं. गावातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू झाली.

निरपेक्ष माप एवढंच विचारतं की माणसाला जगायला किमान किती लागतं. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८च्या भावांनी हा खर्च माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये काढला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजचे २२५० उष्मांक (कॅलरी) धरले आणि १९६०-६१च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस अशी रेषा मांडली. १९७९ मध्ये सरकारी कृतिगटाने उष्मांक ठरवले खेड्याला २४००, शहराला २१००. शाळा-दवाखान्याचा खर्च सरकार उचलेल, असं त्यात गृहीत होतं. तो भरवसा कितपत खरा ठरला, हे दवाखान्यापायी दागिना मोडलेल्या घराला विचारावं. २००९ मध्ये सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण-औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च धरला. २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा आली माणशी महिना ९६७ रुपये. पाच माणसांच्या घराला वर्षाला ५८,०२०. हा खर्च फक्त रोखीचा नव्हे. घरची तूर-ज्वारी खाल्ली तरी तिची किंमत लावून ती खर्चात धरली जाते.

सापेक्ष माप शेजारपाजाराकडे बघतं. ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ पीटर टाउन्सेंड यांनी १९७९ मध्ये ते सविस्तर मांडलं: आपल्या समाजात जे रीतीचं मानलं जातं तेही परवडत नसेल, तर तो माणूस गरीब. युरोपात आज मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्के ही रेषा वापरतात. मध्यक म्हणजे सगळी घरं कमाईच्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या घराची कमाई.

कापसाच्या पट्ट्यात हे माप कुठे फसतं ते आकड्यांत बघू. पाच-पाच माणसांची पाच घरं, वर्षाची कमाई ५० हजार, ८० हजार, १ लाख, दीड लाख आणि ४ लाख. जेवढं येतं तेवढं खर्च होतं असं धरू. मध्यक १ लाख, सापेक्ष रेषा ६० हजार, गरीब घर एक. बोंडअळीने सगळ्यांचंच निम्मं पीक नेलं, तर मध्यक ५० हजारांवर येतो, रेषा ३० हजारांवर, आणि गरीब घर तरीही एकच! ५८,०२०च्या रेषेने मोजलं तर आधी एक, आता तीन.

आता यादी. ती बनवायला केलेल्या २००२च्या सरकारी पाहणीत १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण कमी तितकं घर गरीब. जमीन, घर, माणशी कपडे, जेवणाच्या वेळा, टीव्ही-पंखा-कुकर, कर्ज कुणाकडून आणि कशासाठी. सहा एकर कोरडवाहूवाल्याला एकट्या जमिनीचे ३ गुण, भूमिहीन सालगड्याला ०. तीन वर्षं नापिकी झाली तरी सातबाऱ्यावरचे सहा एकर सहाच राहतात आणि गुणही तेवढेच. बी-खतासाठी सावकाराचं कर्ज काढलं की त्या प्रश्नात १ गुण. पण खाण्यासाठी काढलं असेल तरच ०.

खरी मेख पुढेच होती. राज्यात किती नावं बसवायची, हे नियोजन आयोगाच्या १९९९-२०००च्या अंदाजाने आधीच ठरलेलं होतं, वर फार तर १० टक्के सूट. म्हणजे घराची गरिबी मोजली स्वतःच्या गुणांनी, पण नाव लागणार की नाही हे इतरांच्या गुणांवर. इतर घरांचे गुण कमी भरले की आपलं नाव यादीबाहेर. ‘त्याचं कसं लागलं, माझं का नाही’ या प्रश्नाला ग्रामसेवकाकडे उत्तर नसायचं, कारण उत्तर गावात नव्हतंच.

२०११च्या सामाजिक-आर्थिक गणनेत गुण गेले, थेट वगळण्याचे निकष आले. घरी मोटारसायकल किंवा फ्रिज असेल तर घर बाहेर, मग ती गाडी हप्त्यावरची का असेना.

कोरडवाहूवाल्यांची गोची सरकारने वेगळ्या वाटेने मान्य केली. २०१५ मध्ये अमरावती विभाग, वर्धा आणि मराठवाडा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी, म्हणजे बीपीएलबाहेरच्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी महिना ५ किलो धान्य सुरू झालं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. २०२३ पासून त्या धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला, सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये. त्यासाठी बीपीएलच्या यादीत नाव असायची गरज नाही. केशरी कार्ड आणि नावावर शेती लागते. दुसऱ्याचं शेत ठोक्याने करणारा इथेही बाहेरच.