गाण्याआधी कागद : गायक, वादक, संगीतकार आणि गरबा आयोजकांसाठी

बडोद्यात नवरात्रीचे बुकिंग बहुतेकदा फोनवर ठरते, तारखा व्हॉट्सॲपवर येतात आणि बयाणा यूपीआयने. मानधनावरून वाद झाला तर हे मेसेज पुरावा म्हणून थोडेफार कामी येतात. गाण्याच्या हक्कांचे तसे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागतेच. चालीचे पैसे चुकते केले म्हणून चाल आपली होत नाही.

त्या कागदात गाण्याचे नाव, कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या देशांत आणि मोबदला व रॉयल्टी किती, हे सगळे हवे. मुदत लिहायची राहिली तर कायदा ५ वर्षे धरतो. प्रदेश राहिला तर फक्त भारत. गरब्याची गाणी परदेशातही वाजतात, तेव्हा ही कोरी जागा निर्मात्याला महागात पडते. उलट, हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर हस्तांतरण रद्द समजले जाते.

‘सर्व हक्क कायमचे दिले’ हे वाक्य तयार नमुन्यांत अजून दिसते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. आम्ही असे करार लिहून देतो; आमच्याकडे असा मसुदा आला की ते वाक्य आम्ही आधी खोडतो. आपण आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद असाल तर तेही सही करण्यापूर्वी सांगा. तिथे आधीच दिलेले हक्क पुन्हा दुसऱ्याला देता येत नाहीत.

नव्या गाण्यात शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती टक्के, हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणे चालले की आठवणी बदलतात. निर्माता कोण, हेही तिथेच लिहा. नुसते भाडे घेतले म्हणून स्टुडिओ रेकॉर्डिंगचा मालक होत नाही.

सर्वांत जास्त भांडणे मात्र थेट प्रक्षेपणावरून होतात. आयोजक नऊही रात्री यूट्यूबवर टाकतो आणि सही असते फक्त मुख्य गायिकेची. ढोल, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांनाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. प्रत्येकाची लेखी संमती घ्या. व्हिडिओ किती दिवस राहणार आणि जाहिरातीचे उत्पन्न कोणाचे, हेही ठरवा.

मानधन लिहिताना आकडा टीडीएस कापण्याआधीचा की हातात येणारा, हे स्पष्ट करा. १० टक्के कपात झाली की १,००,००० चे ९०,००० होतात, आणि तेव्हाच वाद सुरू होतो. जीएसटी लागत असेल तर तो वेगळा दाखवा. पावसाने मैदान भिजले तर त्या रात्रीचे किती? गायक पोचला, पण जनरेटर बंद, तर? लाउडस्पीकर रात्री १० नंतर परवानगीशिवाय चालत नाही. ती परवानगी काढणे आयोजकाचे काम, असे नाव घेऊन लिहा. शेवटचा हप्ता नवव्या रात्रीनंतर ठेवू नका, आठव्या रात्रीपर्यंत संपवा.

मसुद्यासाठी येताना पॅन, गाण्याचे शब्द आणि सर्व कलाकारांची पूर्ण नावे आणा. सह्या झालेली प्रत प्रत्येकाकडे हवी, नुसता फोटो नको.