जुन्या गाडीला एसी लावला की इंजिन बसतं?

‘प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीला एसी लावला की इंजिन बसतं,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा भीती साहजिकच. पण एसीचा गॅस दाबणारा, इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर काही अश्वशक्तीच घेतो. पद्मिनीच्या साधारण ४० मधून तेवढी गेली की चढावर ओढ कमी पडते, एवढंच.

खरी अडचण उष्णतेची. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. त्यात रेडिएटर गाळाने चोंदलेला असेल तर इंजिन तापतं, आणि तापून मात्र नक्की बिघडतं. म्हणून आधी रेडिएटर साफ करा, दमदार पंखा लावा; बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो असेल तर त्याजागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवाच.

भर दुपारी एसी लावून गाडी उभी चालू ठेवा. तापमानाचा काटा स्थिर राहायला हवा, बॅटरीवर मल्टिमीटरने १३ व्होल्टहून जास्त दिसायला हवेत.