कल्हई, लोहार आणि मोड : विदर्भातल्या टिकाऊ भांड्यांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत नॉनस्टिक तवा आता नवलाचा राहिलेला नाही. लग्नाच्या आहेरात तो येतो, तालुक्याच्या दुकानात मिक्सरशेजारी टांगलेला असतो. थोड्याच दिवसांत त्याचा काळा थर सोलपटतो आणि दोष घरच्या बाईच्या माथी येतो : सराटा (उलथणं) लोखंडी वापरला, राखेनं घासला. मला हा दोष अजिबात मान्य नाही. तो तवा ज्या चुलीसाठी घडला, ती चूल आपली नव्हती.

त्याच्या थराचा पदार्थ पीटीएफई. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट यांना तो फ्रीजच्या वायूंवर काम करताना अनपेक्षितपणे सापडला. टेफ्लॉन हे त्याचं व्यापारी नाव. १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेगॉआर यांनी तो अॅल्युमिनियमच्या तव्यावर बसवला आणि १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली. आपल्याकडे औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) निर्लेप ही यातली सुरुवातीची कंपनी; महाराष्ट्रात कितीतरी घरांत नॉनस्टिक तव्याला आजही निर्लेपच म्हणतात. हा थर साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत नीट राहतो, ३५० च्या पुढे तुटून विषारी धूर सोडू लागतो. गॅसच्या मंद आचेवर ही मर्यादा पाळता येते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ भडकन उठतो, आणि तो कमी करायला चुलीला खटका नसतो.

थर बनवताना पूर्वी लागणारं पीएफओए हे रसायन अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत बंद करत आणलं, २०१९ मध्ये ते घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. म्हणून आता खोक्यावर ‘पीएफओए फ्री’ छापलेलं असतं. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यानं थराचं आयुष्य वाढत नाही.

आपल्या जुन्या भांड्यांनाही थर होताच. पितळेच्या गंजात (पातेल्यात) आंबट शिजवलं की ते कळकतं, म्हणून आतून कल्हई. कल्हईवाला गावात यायचा, झाडाखाली भट्टी लावून भाता फुंकायचा. भांडं तापलं की नवसागर टाकून वर कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचा. कथील २३२ अंशांवरच वितळतं, म्हणजे उष्णतेपुढे ही कल्हई टेफ्लॉनहूनही नाजूक. रिकामं भांडं चुलीवर ठेवू नको, असं सासू सुनेला बजावायची ते याचसाठी. तरी तीच भांडी आजीकडून नातीकडे आली, कारण गेलेला थर दारातच परत चढत होता. टिकाऊपणाची गोम मला इथेच दिसते. भांडं किती कठीण आहे यापेक्षा ते बिघडल्यावर गावात कोण दुरुस्त करतं, यावर त्याचं आयुष्य ठरत आलं आहे.

आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेलं तर मोड होती. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. फुटका गुंड (पाण्याची घागर) किंवा चेपलेला गडवा (तांब्या) कासाराच्या दुकानात वजनावर जायचा, वर थोडे पैसे घालून नवा यायचा. आंदणातलं पितळ ही बाईच्या हातातली शिल्लकच होती. अडीअडचणीला ते गहाणही पडे. नॉनस्टिक तव्याच्या मोडीत फक्त खालच्या पातळ अॅल्युमिनियमचं वजन भरतं.

लोखंडाची गोष्ट तर याच मातीतली आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नैकुंड इथे १९७० च्या दशकाच्या अखेरच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. शिळावर्तुळं उभारणाऱ्या महापाषाणकालीन लोकांची ती भट्टी अडीच हजार वर्षांहून जुनी. लोहारानं ठोकून दिलेला तवा तेल लावून पुन्हा पुन्हा तापवला की तेलाचा कठीण थर धरतो आणि भाकर सुटी निघते. यात जवसाचं तेल फार चांगलं, कारण ते हवेत आणि उष्णतेत आपोआप घट्ट होतं. जवस तर आपल्याच शेतातला. गंज चढला तर घासायचा, परत तेल पाजायचं.

मग हे मोडलं कसं? अॅल्युमिनियम काढण्याची स्वस्त पद्धत १८८६ मध्ये निघाली आणि १८९८ मध्ये मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करायला सुरुवात केली. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, गंज घरोघरी आले. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस स्टील बनवलं, आणि पुढे जुन्या साड्यांवर, गळलेल्या केसांवरसुद्धा स्टीलची भांडी देणाऱ्या बाया गावोगाव फिरू लागल्या. पितळ मोडीत गेलं, कल्हईवाल्याचं काम आटलं. स्टीलला मी वाईट म्हणणार नाही. त्याला थर नाही, राखेनं घासलं तरी काही जात नाही, आंबट त्याला बाधत नाही. पातळ बुडाचं असेल तर भाजी लागते, एवढंच. घ्यायचं तर बूड जाड बघून घ्यावं.

आज निवड करायची तर भाकरीचा तवा आणि बेसनाची कढई लोहाराकडची, आठवडी बाजारात हातात वजन जोखून घेतलेली. लोखंडातून अन्नात लोह उतरतं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इथिओपियातल्या अभ्यासात लोखंडी भांड्यातलं जेवलेल्या मुलांमध्ये रक्तक्षय अॅल्युमिनियमवाल्यांपेक्षा कमी आढळला. गावागावांत बाया-पोरी रक्त कमी म्हणून गोळ्या खात असताना ही गोष्ट लहान नाही. अंबाडीची भाजी आणि कढी मात्र स्टीलमध्येच करावी. लोखंडात ती काळी पडते, जर्मनमध्ये धातू खाते. पितळेचा गंज माळ्यावरून खाली काढायचा असेल, तर आधी तालुक्यात कल्हईवाला उरला आहे का ते विचारून घ्यावं.