डि'सोझा, प्रश्नचिन्ह आणि क्वेरीचे तुकडे

वसई-गोव्याकडच्या ग्राहकांची यादी ठेवणारा प्रोग्राम कच्चा असेल, तर तो एका आडनावापाशी हमखास अडखळतो: डि'सोझा. डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या एसक्यूएल या भाषेत मजकूर एकेरी अवतरणात लिहितात. स्ट्रिंगला (मजकुराला) स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवली, की आडनावातलं ते चिन्ह लागताच डेटाबेसला वाटतं, मजकूर संपला. पुढच्या 'सोझा'चा त्याला काही अर्थ लागत नाही आणि सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक, येते. हा झाला निरुपद्रवी प्रकार. आडनावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम ' ऑर '१'='१ असं भरलं, तर एररसुद्धा येत नाही; 'किंवा १ = १' ही अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि अख्खी यादी बाहेर पडते.

अवतरण दुप्पट करून टाकणं हा यावरचा जुना उपाय. तो बहुतेक वेळा चालतो, पण शंभर ठिकाणी आठवणीने करावा लागतो आणि एका ठिकाणी राहूनच जातो.

खरा उपाय म्हणजे क्वेरी आणि किंमत (तिच्यात भरायची माहिती, जसं आडनाव) शेवटपर्यंत एकत्र न करणं. क्वेरीत नुसती खूण ठेवून जागा राखायची. प्रत्येक डेटाबेसची खूण वेगळी: मायएसक्यूएलमध्ये ?, पोस्टग्रेसमध्ये $१, ओरॅकलमध्ये :आडनाव. पोस्टग्रेसच्या ७.४ आवृत्तीपासून (२००३) यासाठी प्रोग्रामने सर्व्हरला पाठवायचे वेगवेगळे संदेश आहेत. 'पार्स'मध्ये क्वेरीचा मजकूर जातो, 'बाइंड'मध्ये किमती, मग 'एक्झिक्यूट' आणि 'सिंक'. बाइंडमध्ये प्रत्येक किमतीच्या आधी चार बाइटांत तिची लांबी असते. रोमन लिपीतल्या डि'सोझाची (D'Souza) लांबी ७. सर्व्हर बरोबर ७ बाइट उचलतो, अवतरण कुठे संपतं ते शोधतच नाही. रिकाम्या मजकुराची लांबी ०, नलची (माहितीच नसण्याची) उणे १. त्यामुळे या दोघांची गल्लतही होत नाही.

याच संदेशात किमतींची संख्या मात्र दोनच बाइटांत मावते, म्हणून कमाल ६५,५३५. सात रकान्यांच्या १०,००० ओळी एका इन्सर्टमध्ये (ओळी भरायच्या आज्ञेत) घालायला गेलात की ७०,००० किमती होतात आणि काम फसतं. अशा वेळी ओळींचे गट पाडायचे किंवा प्रत्येक रकान्याचा एक ॲरे (अनेक किमतींची एकच गठडी) पाठवून सर्व्हरवर 'अननेस्ट' करायचा, म्हणजे सोडून पुन्हा ओळी करायच्या. मग किमती उरतात फक्त सात.

आता लायब्ररीने, म्हणजे प्रोग्रामच्या वतीने डेटाबेसशी बोलणाऱ्या तयार कोडने, ही क्वेरी आपल्याकडे कशी साठवायची? बहुतेक जण एक स्ट्रिंग आणि किमतींची यादी ठेवतात. दोन अटी वेगवेगळ्या ठिकाणी तयार होऊ लागल्या की ते अंगाशी येतं. एक म्हणते शहर = $१, दुसरी म्हणते वय > $१. जोडल्यावर दोघींचा $१ एकच. मग रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायची सोय) लावून क्रमांक बदलायला जावं, तर तो अवतरणातल्या मजकुरातही हात घालतो.

त्यापेक्षा तुकडे ठेवावेत. पहिल्या अटीचे तुकडे "शहर = " आणि "", किंमत वसई. दुसरीचे "वय > " आणि "", किंमत ६०. मजकुराचे तुकडे किमतींपेक्षा नेहमी एकाने जास्त. अँडने जोडताना पहिलीचा शेवटचा तुकडा, अँड आणि दुसरीचा पहिला तुकडा एकमेकांना चिकटतात: "शहर = ", " अँड वय > ", "". किमती नुसत्या एकापुढे एक. क्रमांक घालायचे ते पाठवण्याच्या क्षणी. तेव्हाच ठरवायचं, खूण $१ ची की प्रश्नचिन्हाची. जावास्क्रिप्टचे टॅग्ड टेम्प्लेट (मजकुराचे तुकडे आणि मधल्या किमती वेगळ्या करून देणारी लिहिण्याची पद्धत) नेमकी हीच रचना आयती हातात देतात.

याचा आणखी एक फायदा आहे. पोस्टग्रेसच्या जेसनबी या माहितीच्या प्रकारात ? हा स्वतंत्र ऑपरेटर आहे, त्यामुळे जेडीबीसीत (जावातून डेटाबेसशी बोलायच्या पद्धतीत, जिथे ? ही किमतीची खूण आहे) तो ?? असा लिहावा लागतो. तुकड्यांच्या रचनेत प्रश्नचिन्ह शोधायचंच नसतं.

तक्त्याचं किंवा रकान्याचं नाव मात्र किंमत म्हणून पाठवता येत नाही. ऑर्डर बाय (क्रम लावायची आज्ञा) $१ लिहून रकान्याचं नाव बाइंड केलंत तर पोस्टग्रेस तक्रार करत नाही. एका स्थिर शब्दावर क्रम लावतो, म्हणजे लावतच नाही. ही चूक फार उशिरा सापडते. नावांसाठी लायब्ररीत वेगळा प्रकार हवा: आधी परवानगीच्या यादीत तपासलेला, दुहेरी अवतरणात घातलेला.

यादीचंही तसंच. इन (?), म्हणजे 'यादीतलं कुठलंही एक', यामध्ये एका खुणेला एकच किंमत मिळते. खुणा वाढवत नेल्या तर रिकाम्या यादीला इन () उरतं आणि पोस्टग्रेस ते नाकारतो. तिथे = एनी($१) लिहून ॲरे द्यावा; रिकामा असला तरी चालतो, फक्त एकही ओळ जुळत नाही.

राहिलं लॉगिंग, म्हणजे चाललेल्या कामाची नोंद ठेवणं. क्वेरीचा ऑब्जेक्ट छापल्यावर किमती भरलेली, चालवण्याजोगी क्वेरी देणं सोयीचं वाटतं. पण कुणीतरी तीच स्ट्रिंग उचलून पुन्हा डेटाबेसकडे पाठवतो, आणि पासवर्ड लॉगमध्ये पडतात ते वेगळंच. छापताना खुणांसकट मजकूर द्यावा आणि किमतींच्या जागी फक्त त्यांचा प्रकार व लांबी.