काठीच्या वरचे अडथळे त्वचेला कळावेत म्हणून

पायरी, खड्डा, फुटपाथची कड हे सगळं अंध व्यक्तीला तिची पांढरी काठी चोख सांगते. पण रस्त्यावर झुकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकमधून मागे आलेल्या सळया यांच्याखालून काठी मोकळी निघून जाते आणि मार बसतो थेट कपाळाला. अंगावर घालायच्या, अडथळा थरथरीने कळवणाऱ्या स्पर्शयंत्राने राखायचा तो हा वरचा भाग. काठीऐवजी यंत्र वापरा असं कुणी सांगत असेल तर ते धोकादायक आहे. समोर रोखलेल्या सेन्सरला उघडं गटार दिसत नाही.

आयआयटी दिल्लीत घडलेली, २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन याच विचाराची. तिची मूठ नेहमीच्या काठीवर बसते, ३ मीटरपर्यंतचे गुडघ्यावरचे अडथळे टिपते आणि हाताला थरथरीने कळवते. तेच तत्त्व छातीवरच्या पट्ट्यात आणता येतं.

त्यासाठी एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर चालतो. तो ४० किलोहर्ट्‌झचे आठ स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. मायक्रोसेकंदातल्या वेळेला ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद तरी जाऊ द्यावेत, नाहीतर आधीचाच प्रतिध्वनी नव्या मोजणीत घुसतो. सेन्सर छातीवर १० ते १५ अंश वर कलवून बसवावा. सरळ ठेवला तर डोक्याच्या उंचीची फांदी निसटते आणि पुढे धरलेला स्वतःचाच हात अडथळा ठरतो. तिरकी काच किंवा गुळगुळीत भिंत ध्वनी भलतीकडे परतवते, जाड कापड तो शोषून घेतं. त्यामुळे एका मोजणीवर विसंबू नये; लागोपाठच्या पाच मोजण्या लहान ते मोठ्या लावून मधली घ्यावी.

थरथर देणारी मोटर मोबाइलमध्ये असते तशी, नाण्याच्या आकाराची. ती ८०-१०० मिलिअँपिअर खाते, म्हणून यंत्र चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या पिनला थेट जोडू नये. मध्ये स्विचसारखा काम करणारा ट्रान्झिस्टर आणि मोटर बंद होतानाचा विजेचा उलटा झटका अडवायला तिला समांतर उलटा डायोड हवा. मोटर सुरू होताना बोर्ड रीसेट होत असेल तर वीजपुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

सगळ्यात जास्त विचार मागते ती त्वचा. साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झची थरथर तिला सर्वांत चांगली कळते, पण जोर कमी की जास्त हे चालताना नेमकं ओळखता येत नाही. म्हणून अंतर जोराने न सांगता ठोक्यांच्या गतीने सांगावं: २ मीटरवर सेकंदाला एक ठोका, १ मीटरवर तीन. मोटरला वेग घ्यायला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ठोका १५० मिलिसेकंदांचा असावा. सतत थरथर ठेवली तर त्वचा थोड्याच वेळात तिच्याकडे लक्ष देईनाशी होते. हाताच्या पुढच्या भागावर दोन मोटरी ४ सेंटिमीटरपेक्षा जवळ असतील तर त्या एकच वाटतात. डावं-उजवं सांगायचं असेल तर दोन्ही मनगटं वापरावीत.

गर्दीत प्रत्येक पाठ अडथळा ठरते आणि ठोके थांबतच नाहीत. त्यासाठी पल्ला ६० सेंटिमीटरवर आणणारं, बोटाला सहज सापडणारं बटण हवंच. बॅटरी संपली की यंत्र गप्प होतं, आणि रस्ता मोकळा असतानाही ते गप्पच असतं. हा घोळ टाळायला दर ३० सेकंदांनी एक हलका दुहेरी ठोका द्यावा. तो आला नाही की यंत्र बंद पडलंय हे वापरणाऱ्याला कळतं.